बघणाऱ्याची भेंगुळी

"भेंगुळी? म्हणजे काय हो?" स्टुलावर बसलेल्या बाईंनी विचारलं, आणि कॅमेऱ्यामागे वाकलेला फोटोवाला वाकलेलाच राहिला. इतकी वर्षं या अरुंद खोलीत, या पांढऱ्या पडद्यासमोर, तो येईल त्या गिऱ्हाइकाला तेच सांगत आला होता, "आधी एक झकास भेंगुळी करा, मग सरळ बसा," आणि आजवर एकाही माईच्या लालाने अर्थ विचारला नव्हता. विचारायची गरजच पडत नसे. तो कॅमेऱ्याच्या बाजूने डोकं काढून स्वतः एक करून दाखवायचा. डोळे बटाट्याएवढे, नाक आक्रसलेलं, खालचा ओठ पार हनुवटीवर. लोक आधी दचकायचे, मग दार लोटलंय ना ते बघायचे आणि मग स्वतःच्या तोंडाची अशी काही वाट लावायचे की विचारू नका. त्यानंतर चेहरा सरळ केला की तो झटकून वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसे. तेवढ्यात हा बटण दाबायचा. सरकारी फोटोला हसू चालत नाही, दात चालत नाहीत, उचललेली भुवई चालत नाही, दोन्ही कान मात्र दिसावे लागतात. थोडक्यात, माणूस आहे एवढंच दिसावं, कसा आहे ते दिसू नये. लोक तसा चेहरा करायला जातात आणि फरारी गुन्हेगारासारखे दिसायला लागतात. त्यावर भेंगुळी हा त्याचा रामबाण उपाय होता. चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओत मशीन नवं होतं, गार हवा होती, पण भेंगुळी नव्हती. एकदाच फक्त घोटाळा झाला. बटण आधी दाबलं गेलं, आणि एका अतिशय गंभीर कारकुनाच्या पाकिटात सरळ फोटोऐवजी भेंगुळीचा फोटो गेला. त्या भल्या माणसाने न बघता तो अर्जावर चिकटवला आणि कचेरीने चकार शब्द न काढता पास केला. नंतर कळलं तेव्हा फोटोवाल्याला चार दिवस झोप लागली नाही, आणि पाचव्या दिवशी तो एकटाच इतका हसला की शेजारचा चपलांचा दुकानदार पाणी घेऊन आला.

"मी भाषा शिकवते, म्हणून विचारलं," बाई म्हणाल्या. "कुठला शब्द हा?"

"आमच्या आईकडचा. तिच्या माहेरी सर्रास बोलतात."

"म्हणजे वाकुलीच की."

"छे छे! वाकुली वेगळी," तो म्हणाला, आणि आता वेगळी म्हणजे कशी वेगळी हे सांगायला त्याने तोंड उघडलं, तर तोंडातून काही बाहेरच येईना. वाकुलीत जीभ लागते, असं त्याने सुचवून पाहिलं. आणि यात? यात नसली तरी भागतं. बाई हसल्या. आपली फजिती होतेय हे पाहून तो म्हणाला, "थांबा, करूनच दाखवतो," आणि त्याने डावा डोळा वटारला, डाव्या बाजूचा ओठ सैल सोडून खाली ओघळू दिला, आणि नेमकी त्याच वेळी त्याची नजर गिऱ्हाइकांना भांग पाडण्यासाठी टांगलेल्या आरशावर गेली. आरशात बाबा होते. हुबेहूब. तो न मिटणारा डोळा, तो ओघळलेला ओठ, तो दुसऱ्या कुणाचा तरी आणून बसवल्यासारखा गाल. त्याने घाईघाईने हाताने चेहरा पुसला आणि बाईंचा फोटो कसाबसा काढला. त्यात त्यांच्या भुवया इतक्या वर गेलेल्या होत्या की त्यांना उद्या पुन्हा या म्हणून सांगावं लागलं.

बाबांचं तोंड गेल्या महिन्यात वाकडं झालं. सकाळी उठून चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण बनियनवर. दुसरा कुणी घाबरून ओरडला असता. बाबांनी आरशात नीट निरखून पाहिलं आणि कचेरीतल्या आवाजात हाक मारली, "जरा इकडे या. काटा एका बाजूला गेलाय." वजनमापं तपासणारे अधिकारी होते ते. उभी हयात दुकानोदुकानी पितळी वजनं घेऊन फिरले, तराजूचा काटा मध्यावर येतो की नाही एवढंच पाहत राहिले, आणि पाहता पाहता त्यांचा स्वतःचा चेहराही तसाच झाला, ना इकडे ना तिकडे. दुकानदार चळाचळा कापत. घरी पाहुणे दबकून बोलत. मुलगा परीक्षेत पहिला आला तेव्हाही तो चेहरा मध्यावर, मुलगा त्याच शाळेच्या कुंपणावरून पडून हात मोडून आला तेव्हाही मध्यावरच. आणि आता त्या चेहऱ्याची डावी बाजू गळून पडली होती. डॉक्टर म्हणाला, घाबरू नका, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजलीय, बहुतेकांचं बरं होतं. गोळ्या घ्या आणि व्यायाम करा. भुवया वर, गाल फुगवा, दात विचका, ओठांचा चंबू करा, नाक आक्रसा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आरशासमोर बसून तोंडं वेडीवाकडी करायची."

"हो, अगदी बरोबर."

"या वयात."

"वयाचा काही संबंध नाही, आजोबा."

"मी त्या वयातही केली नाहीत," बाबा म्हणाले आणि उठले.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. काडीसारखी अंगलट, स्वतःपेक्षा मोठी बॅग, आणि कामात इतकी मन लावणारी की तिच्याकडे पाहून आपणच आळशी वाटावं. ती समोर बसून जीव तोडून गाल फुगवी, भुवया नाचवी, आणि बाबा समोर मोहोरबंद पोत्यासारखे बसून राहत. "आजोबा, नाक आक्रसा बघू. घाण वास आल्यासारखं." "येत नाहीये." "आल्यासारखं म्हणते मी." "वास आल्याशिवाय मी नाक आक्रसत नाही." हे असं चालायचं. एवढ्यावर थांबलं असतं तरी हरकत नव्हती, पण सूप ओठांच्या कोपऱ्यातून सांडतं म्हणून बाबा आतल्या खोलीत दार लावून एकटे जेवायला लागले होते. संध्याकाळचं फिरणं बंद. बेल वाजली की हे उठून आत. बाहेरच्या खोलीतली त्यांची खुर्ची, जिच्यावर घरातलं मांजरसुद्धा बसायला धजत नसे, ती रिकामी. परवा जिना उतरताना ती मुलगी फोटोवाल्याला हळूच म्हणाली होती, "काका, तुम्ही काहीतरी करा. हेच दिवस महत्त्वाचे आहेत. आता गाल हलला नाही तर मग असाच राहायची भीती आहे." तेव्हापासून त्या वाक्याचा खडा त्याच्या बुटात होता. पण बाबांना काही सांगणं म्हणजे! आजवर त्याने बाबांना 'जेवायला चला' याच्या पलीकडे काही सांगितलेलंच नव्हतं. जी गोष्ट करायची ती करवत नसली की माणूस दुसरीच एखादी गोष्ट जीव लावून करायला लागतो. तो शब्दाच्या मागे लागला.

भेंगुळी. काम करता करता तो शब्द तोंडात घोळवत राहिला. भिंगातून आला असेल का? भिंगासमोर तोंड नेलं की असंच दिसतं. हा अर्थ त्याला धंद्याच्या दृष्टीने फार आवडला, दिवसभर तो त्यावर खूश होता. मग वाटलं, आईच्या माहेरी कुणी कधी भिंग पाहिलं होतं? त्याने दूर राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, भ्यायला लावते ती भेंगुळी, सोपं आहे, आणि बाबांचं तोंड कसं आहे? याने म्हटलं, आहे तसंच, पण भ्यायला कुठे लावते, आपण तर हसून मरायचो. बहीण म्हणाली, तू शब्द सोड आणि बाबांचं सांग. चपलांच्या दुकानदाराचं मत पडलं की शब्द आडनावावरून आला असणार, असा एखादा माणूस असेल, जन्मतःच तसा. रात्री जेवताना त्याने हे सगळं बायकोपुढे मांडलं. बायकोने आतल्या बंद दाराकडे पाहिलं, आतून चमच्याचा आवाज येत होता. "अहो, शब्दाचा बाप कोण ते शोधताय," ती म्हणाली, "आणि आपला बाप आत एकटा जेवतोय." त्याने मान खाली घालून जेवण संपवलं.

अंथरुणावर पडल्यावर त्याला आईच्या भेंगुळ्या आठवत राहिल्या. आईच्या भेंगुळ्यांना नावं होती. 'किटली' होती, 'चावी हरवलेला' होता, 'पावतीवर सही करणारी बाई' होती, आणि सगळ्यांत वरची म्हणजे 'झाकण न उघडणारी बरणी'. बरणीत काय व्हायचं ते सांगून कळणार नाही. आधी झाकण फिरवून पाहिल्यासारखं तोंड फिरायचं, मग जोर लावायचा, मग थांबून विचार करायचा, आणि शेवटी झाकण एकदम निघायचं. सगळं बिनआवाजी. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत, समोर बाबांचा एखादा वरिष्ठ किंवा तंबाखूच्या वासाचा तो लांबचा काका, तोंडाचा पट्टा चालू, शेजारी जमिनीवर हा आणि बहीण शहाण्या मुलांसारखी बसलेली, आणि बाबांच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात, पाहुण्याची नजर चहाच्या कपात गेली रे गेली की आई. बरणी! बहीण ओठ चावून लाल व्हायची. याच्या पोटातून उकळी फुटायची आणि नाकातून बाहेर पडायची. मग बाबा, पाहुण्यावरची नजर न काढता, त्याच मध्यावरच्या चेहऱ्याने म्हणायचे, "उठ. बाहेर जा. हसून ये." किती वेळा त्या जिन्यात एकटा उभा राहून हसला असेल तो! हसून झालं की खालमानेने परत. त्याला ती शिक्षा वाटायची, होतीही. आणि त्याला बाबांची कीवही यायची. बिचाऱ्याच्या पाठीमागे घरात एवढी जत्रा चाललीय आणि याला पत्ताच नाही. आई, बहीण आणि आपण एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आई गेली त्या दिवशी लोक समाचाराला येत होते, बोलत होते, आणि बाबा खुर्चीत सरळ बसून समोरच्या कपाटाकडे पाहत होते. त्या कपाटात निरोपसमारंभात मिळालेली पितळी वजनं होती. बायको गेली आणि हा माणूस वजनं बघत बसलाय, हे फोटोवाल्याने त्या दिवशी मनात घट्ट गाठ मारून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर माफ केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्याने मावशीला फोन लावला. मावशीला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती जगाला कमी ऐकू येतं असं समजून बोलते.

"कोण? फोटो? अरे, किती दिवसांनी! बाबाचं तोंड कसं आहे?"

"तसंच आहे. मावशी, एक विचारायचं होतं. भेंगुळी शब्द कुठून आला गं?"

"मला काय ठाऊक! मी काय त्याच्या जन्माला हजर होते?" मावशी गरजली. मग तिने एका दमात तीन उगम सांगितले. एक मेंढराच्या भें-भेंपासून, एक भेंडाच्या सोंगापासून, एक तिच्या कुणा चुलतआजीच्या बोळक्यापासून, आणि तिन्ही खरे आहेत म्हणाली.

"बरं, मग वाकुलीत आणि भेंगुळीत फरक काय?"

"हा काय प्रश्न झाला? तुला एवढं माहीत नाही? तुझ्या आईने शिकवलं काय तुम्हाला? अरे, वाकुली ज्याला दाखवायची त्याच्या तोंडावर दाखवतात. भेंगुळी त्याच्या पाठीमागे. आणि ती त्याच्यासाठी नसतेच मुळी. समोर जो तिसरा बसलेला असतो ना, त्याच्यासाठी असते. त्याने हसायचं नाही. हसला की गेला. करणाऱ्याला कुणी विचारत नाही रे, तोंड काय माकडही वाकडं करतं. भेंगुळी असते बघणाऱ्याची. तो टिकला तर ती भेंगुळी, नाहीतर नुसता वेडेपणा."

फोटोवाला फोन कानाला लावून पांढऱ्या पडद्याकडे पाहत राहिला.

"आणि टिकणारा कसा असावा, तर तुझ्या बापासारखा," मावशी पुढे निघाली. "आमच्या दुकानात आला ना पहिल्यांदा वजनं तपासायला, तेव्हा काय कोवळा पोर होता. आमचे बाबा त्याला सांगतायत, आमचं वजन म्हणजे सोन्यासारखं चोख, तीन पिढ्यांत तक्रार नाही. आणि गल्ल्यामागे, त्यांच्या पाठीशी तुझी आई. मी गोणीवर बसलेले. तिने जी बरणी केली! मी तर तोंडात पदर कोंबून मागच्या दाराने पळाले. परत येऊन बघते तो तुझा बाप जागेवर. तोंडावर रेषा हलली असेल तर शपथ. एकेक वजन उचलतोय, ठेवतोय, पुन्हा उचलतोय. संध्याकाळपर्यंत हलला नाही तिथून. आमचे बाबा म्हणाले, बापरे, काय कडक अधिकारी आहे. वजन कमी भरलं ते भरलंच, दंडही ठोकला त्याने. पुढल्या महिन्यात पुन्हा हजर. आमच्या दुकानाएवढं तपासलेलं दुकान त्या तालुक्यात नव्हतं!"

"आणि आई?"

"ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, इतक्या जणांना केली, एवढा एकच हसला नाही, मी याच्याशीच लग्न करणार."

त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि घरी आला. आईने आपल्याला हे कधीच का सांगितलं नाही? मग त्याला वाटलं, सांगायचं काय, समोर तर चालू होतं सगळं. पण नाही, कसं शक्य आहे? दुकानात आई समोर होती. घरात तर ती बाबांच्या पाठीमागे असायची, स्वयंपाकघराच्या दारात. बाबांना दिसणार कसं? पाठीला काय डोळे असतात? घरात शिरून त्याने चपला काढल्या. बाबा आत झोपले होते. बाहेरच्या खोलीत ऊन पसरलेलं आणि मधोमध ती रिकामी खुर्ची. या खुर्चीत तो जन्मात बसला नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि चोरी करतोय अशा बेताने हळूच टेकला. खुर्ची करकरली नाही, हे नशीब. समोर वजनांचं कपाट. कपाटाला काचेची दारं. आणि काचेत स्वयंपाकघराचं दार, चौकटीसह, वरपासून खालपर्यंत, जसं काही कुणी फ्रेम जुळवून ठेवलीय. धंदा फोटोचा, आणि ही फ्रेम त्याला एवढी वर्षं दिसली नव्हती! दारात त्याची बायको हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. भरदुपारी दुकान टाकून आलेल्या आणि सासऱ्यांच्या खुर्चीत राजासारख्या बसलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहून तिने नाक वर ओढलं, गाल आत घेतले, डोळे छताला लावले आणि हनुवटीने हवेत एक गोल काढला.

"दिसलं मला," तो म्हणाला.

"काय दिसलं?" बायको दचकली.

"सगळं," तो म्हणाला. सगळं दिसत होतं बाबांना. किटली दिसत होती, बरणी दिसत होती, नाकातून हसू सांडणारा मुलगा दिसत होता. 'हसून ये' म्हणायचे ते. दुसऱ्यांचे बाप 'हसू नकोस' म्हणून दरडावायचे, आपले बाबा 'हसून ये' म्हणायचे. हसला तो बाद, एवढाच तो नियम, आणि बाहेर जाऊन हसून परत खेळात यायची मुभा. आपण तिघं एका बाजूला आणि ते एकटे दुसऱ्या बाजूला नव्हतेच. ते दोघं खेळत होते, आणि आपण दोघं मुलं मध्येमध्ये बाद होत होतो. सगळा संसारभर ती करत राहिली आणि हा माणूस टिकत राहिला. आणि मग ती गेली, लोक समाचाराला आले, बोलत राहिले, आणि बाबा काचेत बघत राहिले. वजनं कसली बघतायत! दार बघत होते. रिकामं दार. पाहुणा बोलतोय, चहाच्या कपात बघतोय, आणि दारात कुणी नाही. आपण त्या माणसावर किती वर्षं रागावलो, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि तो बायकोसमोर चक्क रडला. बायको फडकं घेऊन आली, पण ते ओलं होतं आणि त्याला मसाल्याचा वास होता, त्यामुळे डोळे आणखीच चुरचुरले.

संध्याकाळी व्यायामवाली मुलगी आली. फोटोवाल्याने आज प्रथमच आवाज चढवून फर्मान काढलं, "बाबा, आज बाहेरच्या खोलीत बसायचं. तुमच्या खुर्चीत." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. उजवा डोळा रोखलेला, डावा नुसताच उघडा. काय वाटलं कुणास ठाऊक, मफलर गुंडाळून आले आणि बसले. मुलगी त्यांच्या समोर स्टुलावर बसली, कपाटाच्या थोडी बाजूला, आणि सुरू झाली. "हं, आजोबा, आता मी पाचपर्यंत मोजते, गाल फुगवायचे. हवा आत धरून ठेवायची. फुग्यासारखं. चेहऱ्यात एवढे स्नायू असतात, सगळे मिळून काम करतात..." बाबा पोत्यासारखे. फोटोवाला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. रोज बारा लोकांसमोर तोंड वेडंवाकडं करणारा माणूस, पण आता त्याला पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसलेल्या गिऱ्हाइकासारखं झालं. आपण चुकत असलो तर? मावशी काय, काहीही सांगते. बाबांना ती थट्टा वाटली तर? ज्याचं तोंड वाकडं झालंय त्याच्या पाठीमागे तोंड वाकडं करायचं, यापेक्षा वाईट दुसरं काय असेल? मुलीने डायरीत काहीतरी टिपायला मान खाली घातली. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि बरणी केली.

काचेत बाबांचा चेहरा जागेवर होता. एक रेषा हलली नाही. त्याने झाकण फिरवलं, जोर लावला, थांबून विचार केला. मुलीने वर पाहिलं तेव्हा तो चौकटीची कडी तपासत होता. तिने पुन्हा मान खाली घातली, त्याने पुन्हा बरणी हातात घेतली. काहीच नाही. झालं, संपलं, तो मनात म्हणाला.

"चूक," बाबा म्हणाले.

"काय चूक, आजोबा?" मुलगी गोंधळली.

"तुम्हाला नाही म्हणालो, बाई." बाबा काचेतून रोखून पाहत होते. "झाकण आधी उलट्या बाजूला फिरतं. तिची चूक व्हायची, मग लक्षात यायचं, मग भुवई. तू भुवई आधीच खर्च केलीस. आणि शेवटी गाल. असा." आणि बाबांनी मफलर खाली ओढला, तोंड उलट्या बाजूला फिरवलं, उजवी भुवई सावकाश, फार सावकाश वर नेली, आणि गाल फुगवले. उजवा गाल टम्म फुगला. डावा फुगता फुगता थरथरला, आणि ओठांच्या त्या ओघळलेल्या कोपऱ्यातून सगळी हवा 'फुर्र्र्र' करून निघून गेली.

"आवाज नको," बाबा अपराधी सुरात म्हणाले. "यात आवाज नसतो."

"आजोबा!" मुलगी स्टुलावरून अर्धी उठली होती. "डावा गाल हलला! मी पाहिला, हलला! पुन्हा करा, हेच करा, काय होतं ते? पुन्हा!"

पण फोटोवाल्याचा बांध तोवर फुटला होता. आधी पोटातून, मग नाकातून, अगदी शाळेच्या वयात फुटायचा तसाच. तो दाराची चौकट धरून वाकला, त्याला थांबवता येईना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाबांनी मुलीवरची नजर काढली नाही. चेहरा मध्यावर, म्हणजे जेवढा येत होता तेवढा.

"उठ," ते म्हणाले. "बाहेर जा. हसून ये."

तो बाहेर गेला. जिन्यात, त्याच जुन्या पायरीवर, कठड्याला धरून उभा राहिला. आतून मुलीचा आवाज येत होता, "उलट्या बाजूला आधी, बरं, मग?" आणि बाबांचा, "मग विचार करायचा. घाई नाही." खालून त्याची बायको भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून हुंदके देताना पाहून ती घाबरीघुबरी झाली.

"अहो, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"आत आहेत," तो डोळे पुसत म्हणाला. "तू जा. मी हसून येतो."